ट्रॅक्टरचे ऑइल : घरी बदलावे की गॅरेजात?



गावोगाव फिरताना मला बियाण्याचे, खताचे, फवारणीचे प्रश्न नेहमीच विचारले जातात. ते माझे कामच आहे. पण बैठक संपून चहा आला, की एखादा जण हळूच जवळ सरकतो आणि विचारतो, "साहेब, ट्रॅक्टरचं ऑइल घरीच बदललं तर चालतं का? गॅरेजवाला मजुरी फार घेतो."

हा प्रश्न ऐकला की मी लगेच उत्तर देत नाही. चहाचा एक घोट घेतो. कारण त्या प्रश्नाबरोबर मला आमचे अंगण आठवते, वहिनींनी दिवाळीसाठी सारवलेले, आणि त्या सारवणावर पडलेला रुपयाएवढा काळा डाग आठवतो. आज ती हकीकत तुम्हांला सांगतो. आजवर ती आमच्या घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हती.

आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, १९९३ साली बँकेचे कर्ज काढून पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला. घरची शेती आणि गावातली भाड्याची नांगरट, मळणी, ऊसतोडीची वाहतूक यांवर हप्ते फिटत होते. मी बी. एस्सी. ॲग्री. होऊन नुकताच नोकरीला लागलो होतो. घरात शिकलेला मी एकटाच, म्हणून सुट्टीवर घरी गेलो की पंपापासून रेडिओपर्यंत सगळे माझ्याकडे दाखवले जाई, आणि मलाही ते आवडत असे, हे कबूल करतो.

१९९८ च्या दिवाळीत घरी गेलो, तेव्हा दादा ट्रॅक्टर तालुक्याला न्यायच्या तयारीत होते. ऑइल बदलायची वेळ झाली होती. तालुका आमच्यापासून अठरा किलोमीटर. जाण्यायेण्याचे डिझेल, दिवसाचा खोळंबा आणि वर मजुरी. मी म्हणालो, "दादा, त्यात काय अवघड आहे? जुनं काढायचं, नवं भरायचं. मी करतो."

दादांनी ऑइल आणि फिल्टर आणून दिला. मी अंगणात पोते अंथरले, खालचा नट काढला, घमेल्यात जुने ऑइल उतरवले, जुना फिल्टर फिरवून काढला, नवा बसवला, ऑइल भरले, पट्टी पाहिली. दोन तासांत काम झाले. ट्रॅक्टर सुरू केला, आवाज गोड आला. मी हात धुतले आणि फराळाला बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी म्हणाल्या, "भावजी, ट्रॅक्टरखाली काळा डाग पडलाय बघा. परवाच सारवलं होतं मी."

मी उठलोसुद्धा नाही. म्हणालो, "वहिनी, काल काढताना सांडलं असेल."

त्यांनी डागावर शेणाचा हात फिरवला. तिसऱ्या दिवशी डाग पुन्हा होता आणि आधीपेक्षा मोठा होता. त्यांनी पुन्हा सांगितले. मी पिशवी भरत होतो, एस. टी. ची वेळ झाली होती. "ठिबकत असेल थोडं, बसेल आपोआप," असे काहीतरी बोलून मी निघालो.

चार दिवसांनी गव्हाची पेरणी चालू असताना, भर वावरात इंजिनाने खडखड आवाज केला आणि ते जागच्या जागी थांबले. हँडल मारूनही फिरेना. ऑइलचे प्रेशर दाखवणारा काटा कित्येक महिन्यांपासून बंद होता. पट्टी कोणी पाहिली नव्हती, कारण ऑइल तर नुकतेच बदललेले!

मी आलो त्या दिवशी मिस्त्री फिल्टर खोलत होता. फिल्टर निघाला तसा त्याने बोट घालून दोन काळी रबरी वायसरे काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. एक नव्या फिल्टरचे, दुसरे जुन्या फिल्टरचे. जुना फिल्टर काढताना त्याचे रबर इंजिनाच्या बैठकीलाच चिकटून राहिले होते. मी ते पाहिले नाही आणि त्याच्यावरच नवा फिल्टर कसला. दोन रबरे एकावर एक कधीच नीट बसत नाहीत. इंजिन चालू झाले, ऑइलला दाब आला, की फटीतून ऑइल बाहेर. आधी थेंब थेंब, मग धार. वावरात कोणाला दिसणार? काळ्या मातीने ते पिऊन टाकले.

क्रँक घासली गेली होती, बेअरिंगे वितळून चिकटली होती. इंजिन पूर्ण खोलावे लागले. तीन आठवडे ट्रॅक्टर उभा राहिला. उरलेला गहू शेजाऱ्यांच्या बैलांवर पेरला, तोही उशिरा. भाड्याचा हंगाम बुडाला. बँकेचा हप्ता आणि मिस्त्रीचे बिल एकदमच आले, तेव्हा वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या. ज्या माउलीने दोनदा डाग दाखवला, तिच्याच पाटल्या गेल्या. त्या सुटायला दोन वर्षे लागली.

दादा मला एका शब्दाने बोलले नाहीत. गावात कोणी विचारले की सांगत, "लई चाललं होतं इंजिन, कधीतरी जायचंच." मी लोकांना शेतीचे शहाणपण शिकवणारा माणूस, माझा शब्द गावात पडू नये म्हणून त्यांनी दोष इंजिनावर घेतला. पुढे कितीदा तरी वाटले की खरे सांगून टाकावे. आता दादा सत्तरीला आले आहेत. मागच्या महिन्यात त्यांना विचारले, "लिहू का?" ते म्हणाले, "लिही. कोणाचं तरी इंजिन वाचेल."

म्हणून हे लिहितो आहे.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे साहेब, ऑइल गॅरेजातच बदलावे! थांबा. त्या प्रसंगानंतर आम्हीही तसेच ठरवले. भीतीने पुढची चार-पाच वर्षे प्रत्येक वेळी ट्रॅक्टर तालुक्याला जात होता. दादा सकाळी गाडी लावत, बाजार करत आणि संध्याकाळी बिल देऊन घेऊन येत. बिलात ऑइल, फिल्टर, मजुरी सगळे लिहिलेले असे. एकदा दादांच्या मनात काय आले कोणास ठाऊक, जाण्याआधी त्यांनी फिल्टरच्या बुडाशी खिळ्याने एक बारीक रेघ ओढली. संध्याकाळी घरी येऊन पाहतात तो रेघ तशीच! फिल्टर पुसून लखलखीत केला होता, पण होता जुनाच. पैसे मात्र नव्याचे घेतले होते.

सगळी गॅरेजे अशी नसतात. मी उत्तम मिस्त्री पाहिले आहेत, ज्यांच्या हाताला देवाने कान दिलेत असे वाटावे. पण माझे घरचे काम आणि ते गॅरेजचे काम यांत एक गोष्ट सारखी होती. मी काम केले, पण नीट पाहिले नाही. गॅरेजात काम झाले, तेव्हा आमच्यापैकी पाहणारा कोणी नव्हता. घर की गॅरेज हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की कामाकडे डोळे उघडे ठेवून पाहणारा कोण आहे?

ऑइल इंजिनात नेमके काय करते, हे आधी समजून घेऊ. इंजिनातला क्रँक मिनिटाला दीड-दोन हजार फेरे घेतो. तो बेअरिंगवर टेकून फिरतो असे आपल्याला वाटते. खरे तर तो टेकतच नाही. त्या दोघांमध्ये ऑइलचा केसापेक्षाही पातळ पडदा असतो आणि क्रँक त्या पडद्यावर तरंगत फिरतो. पडदा गेला की लोखंड धातूला घासते आणि काही मिनिटांत खेळ खलास होतो. याशिवाय ऑइल आतली उष्णता वाहून नेते, पिस्टन आणि बोअर यांतली फट बुजवते, डिझेल जळून झालेली काजळी आणि आम्ल आपल्या पोटात घेते. ही घाण पेलण्यासाठी ऑइलमध्ये काही औषधी द्रव्ये मिसळलेली असतात. ती हळूहळू संपतात. ऑइल पट्टीवर पूर्ण दिसत असले तरी त्यातला कस गेलेला असतो. म्हणूनच पातळी कमी झाली की वरून नवे ओतायचे आणि बदलायचे मात्र नाही, ही सवय वाईट. नासलेल्या दुधात ताजे दूध ओतले तर जुने सुधारत नाही, नवेही जाते.

कधी बदलावे? नव्या ट्रॅक्टरचे पहिले ऑइल साधारण ५० तासांनी बदलतात. पुढे पुष्कळशा जुन्या ट्रॅक्टरांना दर २५० तासांनी बदलावे लागते. काही नव्या ट्रॅक्टरांना याहून जास्त तास दिलेले आहेत. तुमच्या ट्रॅक्टरचा आकडा कंपनीच्या पुस्तिकेत आहे. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. तासमीटर बंद असेल तर आधी तो दुरुस्त करा. तोवर डिझेलवरून अंदाज धरता येतो. पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर जड कामाला तासाला साधारण ४ ते ५ लिटर डिझेल खातो. म्हणजे हजार लिटरच्या आसपास डिझेल जळाले, की २५० तासांची वेळ जवळ आली असे समजावे.

आता हिशेबाकडे येऊ. घरी बदलल्याने नेमके काय वाचते? ऑइलची आणि फिल्टरची किंमत दोन्हीकडे द्यावीच लागते. वाचते ती मजुरी, जाण्यायेण्याचे डिझेल आणि एक दिवस. हंगामात दिवसाची किंमत मोठी, हे खरे. पण मजुरीचे हे चार पैसे वाचवताना कोणी फिल्टर जुनाच ठेवला, किंवा बाजारात सुटे मिळते म्हणून हलके ऑइल भरले, तर ती बचत नव्हे. घरी करायचे ते गॅरेजपेक्षा स्वस्तात करायचे म्हणून नव्हे, तर गॅरेजपेक्षा जास्त काळजीने करायचे म्हणून. हे जमणार असेल तर जरूर घरी करा. मीही पुढे पुन्हा शिकलो. या वेळी मिस्त्रीशेजारी उकिडवा बसून.

ऑइल घेताना पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच घ्या. डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असे आकडे असतात. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा आकडा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहते ते सांगतो. शेजारी सीएच-४, सीआय-४ अशी दर्जाची अक्षरेही असतात, तीही पुस्तिकेशी जुळवून पाहा. पेट्रोल गाडीचे किंवा मोटारसायकलचे ऑइल ट्रॅक्टरला चालत नाही. डबा सीलबंद घ्या, पक्के बिल घ्या. आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्याने दोन भोके पाडा. नाही तर तोच डबा पुन्हा भरून, नवे झाकण लावून, तुमच्याच दारी यायचा.

काम करायच्या दिवशी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून कोमट होऊ द्या. थंड ऑइल दाट असते, तळाचा गाळ घेऊन उतरत नाही. फार तापलेल्या ऑइलने हात भाजतो. मग इंजिन बंद करून चावी काढून खिशात घाला. घरात लहान मुले असतात, हे विसरू नका.

चेंबरखाली रुंद तोंडाचे घमेले ठेवा. पस्तीस-चाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरात साधारण ६ ते ८ लिटर ऑइल असते, तेवढे मावेल असे भांडे हवे. नट बरोबर मापाच्या पान्याने सैल करा आणि शेवटचे आटे हाताने फिरवा. ऑइल पूर्ण निथळायला वीस-पंचवीस मिनिटे द्या. घाई केली तर सगळ्यांत घाण भाग आतच राहतो.

आता फिल्टर. जुना फिल्टर काढला की लगेच उलटा करून पाहा, त्याचे रबरी वायसर त्याच्यासोबत आले आहे का? आले नसेल तर ते इंजिनाच्या बैठकीला चिकटलेले आहे. बोट फिरवा, दिवा लावून पाहा, काढा आणि बैठक स्वच्छ फडक्याने पुसा. माझ्या हातून एवढेच राहिले होते. त्यानंतर नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने नव्या ऑइलचा हात लावा. फिल्टर हाताने फिरवत न्या. रबर टेकले की त्यापुढे साधारण पाऊण फेरा हातानेच आवळा. पान्याने कसू नका, रबर चेपते आणि पुढच्या वेळी निघत नाही. ज्या ट्रॅक्टरांना भांड्यात बसणारा सुटा फिल्टर असतो, तिथेही जुनी रबरी कडी खाचेतून काढूनच नवी बसवायची.

खालच्या नटाचे तांब्याचे वायसर चेपलेले असेल तर बदला. नट हाताने आट्यावर बसवून मग पान्याने बेताने आवळा. जोर काढून आवळला की आटे मरतात, आणि चेंबरचे आटे मेले की ते महागात पडते. ऑइल भरताना आधी थोडे कमीच भरा. दहा मिनिटे थांबून पट्टी पाहा, मग खालच्या-वरच्या खुणेच्या मधे, वरच्या खुणेजवळ आणा. वरच्या खुणेपलीकडे भरलेले ऑइलही वाईटच. क्रँक त्यात आपटून फेस होतो आणि फेसाचा पडदा टिकत नाही.

इंजिन सुरू करा, रेस देऊ नका. प्रेशरचा काटा वर आला का, किंवा ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला का, ते पाहा. नाही विझला तर लगेच बंद करा. काटा किंवा दिवा बंद पडलेला असेल, तर तो दुरुस्त केल्याशिवाय ट्रॅक्टर वावरात नेऊ नका. आमचा काटा चालू असता, तर वहिनींच्या पाटल्या हातातच राहिल्या असत्या. दोन-तीन मिनिटे चालवून खाली वाका. फिल्टर आणि नट दोन्ही कोरडे आहेत का? बंद करून थोड्या वेळाने पट्टी पुन्हा पाहा. फिल्टरने ऑइल प्यायलेले असते, तेवढे भरा.

घरी बदलण्याचा खरा फायदा मजुरीचा नाही, तो इथे आहे : उतरलेले ऑइल तुम्हांला इंजिनाची प्रकृती सांगते. डिझेल इंजिनाचे ऑइल काळे असणे हा रोग नव्हे. भरल्यावर थोड्याच तासांत ते काळे होते, कारण ते काजळी गोळा करते. पण ऑइल दुधाळ, चहासारखे दिसले तर रेडिएटरचे पाणी आत उतरते आहे. बोटांवर घेऊन उन्हात धरल्यावर चकाकणारे कण दिसले तर बेअरिंग किंवा दुसरा भाग झिजतो आहे. पट्टीवर पातळी आपोआप वाढू लागली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर पंपातून किंवा नोझलमधून डिझेल आत गळते आहे. यांपैकी काहीही दिसले तर तिथे घरगुती कारागिरी थांबवा आणि जाणत्या मिस्त्रीला गाठा. आपण मोठ्या खर्चाच्या आधी पोचलात, हे लक्षात ठेवा. गॅरेजात उतरलेले ऑइल तुम्हांला कोण दाखवणार?

मग गॅरेजात काय न्यावे? वॉरंटीच्या मुदतीत ट्रॅक्टर कंपनीच्या अधिकृत ठिकाणीच न्या आणि पुस्तिकेत शिक्का घ्या. बचतीच्या नादात वॉरंटीचा हक्क घालवू नका. डिझेल पंप, नोझल, व्हॉल्व्हच्या फटी, हायड्रॉलिक, क्लच ही कामे हत्यारांची आणि अनुभवाची आहेत. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाले. त्या नियमांतल्या नव्या इंजिनांना कंपनी सांगेल तेच ऑइल लागते, तिथे अंदाज चालत नाही. आणि मधला मार्गही आहेच. चांगला मिस्त्री घरी बोलवा, ऑइल-फिल्टर तुम्ही आणून ठेवा, आणि घरातले एक माणूस शेवटपर्यंत शेजारी उभे राहू द्या. गॅरेजात गेलात तरी बाजाराला जाऊ नका. तिथेच थांबा, जुना फिल्टर मागून घ्या. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही.

शेवटची गोष्ट जुन्या ऑइलची. आमच्याकडे जळके ऑइल म्हणजे फुकटचे औषध समजतात. कोणी जनावराच्या खरजेला लावतो, कोणी ओढ्यात ओततो, कोणी धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडतो. कृपा करून असे करू नका. त्यात जळलेल्या डिझेलचे आणि झिजलेल्या धातूचे विषारी अंश असतात. जनावर अंग चाटते, विष पोटात जाते. माणसाच्या कातडीशी सतत संबंध आला तर कातडीचे विकार होतात, कर्करोगाचाही धोका असतो. जमिनीत ओतले तर माती मरते, विहिरीजवळ ओतले तर पाणी नासते आणि पाण्यावरचा तो तवंग सहजी जात नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेले ऑइल येते, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकलेली आहे. तेव्हा ते झाकणाच्या डब्यात साठवा, त्यात पाणी किंवा डिझेल मिसळू देऊ नका, आणि तालुक्याला जाल तेव्हा वापरलेले ऑइल रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, रॉकेलने किंवा डिझेलने नव्हे.

आमच्या घरी आता पुतण्या ट्रॅक्टर सांभाळतो. हा ट्रॅक्टर नवा आहे, वॉरंटी संपली तशी ऑइल घरीच बदलतात. सूनबाईंनी एक वही घातली आहे. तारीख, तासमीटरचा आकडा, ऑइलचे नाव, किती लिटर, फिल्टर बदलला की नाही, आणि उतरलेले ऑइल कसे दिसले. वही देवळीत असते, खताच्या आणि दुधाच्या हिशेबाशेजारी. तुमच्या घरी जिचे अक्षर चांगले असेल तिच्याकडे हे काम द्या. ट्रॅक्टर पुरुष चालवतात म्हणून त्याची चिंता त्यांनीच करायची असे नाही. तो उभा राहिला तर चूल सगळ्यांची अडते.

गेल्या दिवाळीत पुतण्याने ऑइल बदलले. मी खुर्चीवर बसून पाहत होतो. त्याने जुना फिल्टर काढला, उलटा केला आणि न विचारता मला दाखवला. रबर फिल्टरलाच होते. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली, तो वहिनी सडा टाकायच्या आधी कंदिलाएवढी बॅटरी घेऊन ट्रॅक्टरखाली वाकून पाहत होत्या. मी बाहेर आलो. त्या म्हणाल्या, "कोरडं आहे, भावजी."

तुम्हीही ऑइल घरी बदला की गॅरेजात, दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरखाली एकदा वाकून पाहा. आणि घरातल्या कोणी डाग दाखवला, तर हातातले काम टाकून उठा.